पट कुणी कमी केला?



जून जवळ आला की एकच प्रश्न मला निरनिराळ्या तोंडून ऐकू येतो. "ताई, मुलाला कुठल्या शाळेत घालू?" खरं सांगायचं तर विचारणाऱ्याचा निर्णय बहुतेक वेळा आधीच झालेला असतो. गावात पिवळी व्हॅन येते, शेजारची पोरं टाय लावून जातात, आणि घरातल्या आजीलाही वाटतं की नातवाने चार शब्द इंग्रजीत बोलून दाखवावेत. माझ्याकडून हवा असतो तो फक्त होकार. तो मी देतेही. ज्या बाईने कापूस वेचून फीचे पैसे उभे केले, तिला मराठी शाळेचं महत्त्व सुनावण्याचा मला काय अधिकार? आणि असली व्याख्यानं देणाऱ्यांची स्वतःची मुलं कुठे शिकली, हे तुम्हालाही ठाऊक असतंच.

तेव्हा कोणती शाळा चांगली, हे सांगायला मी आज बसलेले नाही. आपण शाळा निवडतो तेव्हा आपल्याला वाटतं, हा आपला घरचा मामला. पण गेल्या काही दशकांत धोरणाची घडी अशी बसवली गेली आहे की आपल्या घरच्या मामल्यावर गावची शाळा तगते किंवा बुडते. हे आपोआप झालेलं नाही. त्यामागे एक ठाम विचार आहे आणि तो मांडणारी माणसं हुशार होती.

१९५५ साली मिल्टन फ्रीडमन या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने शिक्षणातल्या सरकारच्या भूमिकेवर एक निबंध लिहिला. शिक्षणावर सरकारने खर्च करावा, पण शाळा स्वतःच चालवायला हव्यात असं काही नाही. पालकांच्या हाती ठरावीक रकमेचं कूपन द्यावं, त्यांनी ते हव्या त्या शाळेत न्यावं. शाळा पालकांना ओढण्यासाठी धडपडतील, चांगल्या टिकतील, वाईट बंद पडतील. कांदे-बटाटे घेताना आपण असंच तर करतो. ऐकायला सोपं आहे, आणि त्यातलं निम्मं खरंही आहे. उरलेल्या निम्म्याची किंमत कोण मोजतं, एवढाच प्रश्न.

आपल्याकडे कूपन आलं नाही. बाजार आला तो आडवाटेने. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी करून दिली, तेव्हा तो प्रश्न फक्त वरच्या शिक्षणाचा वाटत होता. २००० साली शाळांत शिक्षणसेवक आले. शिक्षक तोच, फळा तोच, वर्गही तोच, पण पहिली तीन वर्षं वेतनश्रेणीऐवजी ठरावीक मानधन. प्राथमिकला ते सुरुवातीला महिना ३,००० रुपये होतं. २०२३ साली कुठे ते १६,००० झालं. २००१ मध्ये नव्या शाळांना परवानगी देताना 'कायम विनाअनुदानित' अशी अटच घातली जाऊ लागली. शाळा काढा, मुलं शिकवा, सरकारकडे पगार मागू नका. २००९ मध्ये त्यातला 'कायम' काढून टाकला, पण तोवर या शाळांतले कितीतरी शिक्षक बिनपगारी किंवा नाममात्र पैशांवर राबले होते. दिवसा शाळा आणि सुट्टीत शेतमजुरी करणारे शिक्षक आपल्याकडे होते, ही गोष्ट आपण फार लवकर विसरलो. नंतर २० टक्के, ४० टक्के असे अनुदानाचे टप्पे पाडण्यात आले आणि त्या टप्प्यांसाठी आझाद मैदानावरची उपोषणं नेहमीची झाली. २०१२ मध्ये स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा आला आणि इंग्रजी शाळांच्या पाट्या तालुक्या-तालुक्यात उगवल्या.

यातला एकही निर्णय 'सरकारी शाळा बंद करू' असं म्हणत नाही. प्रत्येकाची भाषा दर्जाची, स्पर्धेची, निवडीची. बोजा हा शब्द मात्र अधूनमधून डोकावतो.

आता पटाकडे येते. माझं खरं दुखणं तिथेच आहे.

चार वर्गांची एक वस्तीशाळा डोळ्यांसमोर आणा. पट अठ्ठावीस, शिक्षक दोन. शेजारच्या मोठ्या गावात इंग्रजी शाळा निघते, व्हॅन सुरू होते. पहिल्या वर्षी पाच मुलं जातात. कुणाची? ज्यांच्या घरी महिन्याला पगार येतो त्यांची, किराणा दुकानदाराची, ग्रामपंचायत सदस्याची. ही तीच घरं, जी शिक्षक उशिरा आला तर केंद्रप्रमुखांना फोन लावायची, खिचडीत अळ्या निघाल्या तर शाळेच्या दारात उभी राहायची. पुढच्या वर्षी आणखी चार मुलं जातात. पट एकोणीस होतो. संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवताना, एक शिक्षक अतिरिक्त ठरतो, त्याचं समायोजन दुसरीकडे होतं. उरलेल्या एकाने चार वर्ग सांभाळायचे, पोषण आहाराचा हिशेब ठेवायचा, ऑनलाइन माहिती भरायची, निवडणूक आली की बीएलओ म्हणून घरोघर फिरायचं. मग उरलेले पालक म्हणतात, तिथे काही शिकवतच नाहीत. बरोबरच म्हणतात. आणि आणखी दोन मुलं निघून जातात.

एसटीची फेरी अशीच बंद पडते. प्रवासी कमी म्हणून फेऱ्या कमी, फेऱ्या कमी म्हणून प्रवासी आणखी कमी, आणि शेवटी अधिकारी कागद दाखवतो की या मार्गावर मागणीच नाही.

अल्बर्ट हर्शमन नावाच्या अर्थतज्ज्ञाने १९७० साली फ्रीडमनच्या मांडणीला नेमकं इथेच अडवलं. संस्था बिघडली तर माणसापुढे दोन मार्ग असतात, निघून जायचं किंवा आवाज उठवायचा. शाळेच्या बाबतीत गंमत अशी की दर्जाबद्दल सर्वांत जागरूक असणारे पालकच आधी निघून जातात. मागे राहतात ते ज्यांना बोलण्याची सवय नाही, वेळ नाही, हिंमत नाही. म्हणजे ज्या स्पर्धेने सरकारी शाळा सुधारायची, तीच स्पर्धा तिला सुधारू शकणारी माणसं पळवते. पन्नास वर्षांपूर्वीची ही मांडणी वाचताना मला वाटलं, हा माणूस आपल्याच एखाद्या वाडीवर राहून गेला असावा.

शेवटी पटावर कोण राहतं, तेही बघा. मुलाला व्हॅनने पाठवलं तरी त्याच घरातली मुलगी बऱ्याचदा इथेच असते. एकाच अंगणातून भाऊ बूट-टाय घालून निघतो आणि बहीण दप्तर सावरत पायी. बाकी मेंढपाळांची मुलं, ऊसतोड कामगारांची मुलं, पारधी वस्तीवरची मुलं. यांचे पालक मोर्चा काढत नाहीत.

२०१७ च्या अखेरीस राज्यात दहापेक्षा कमी पटाच्या तेराशेहून अधिक शाळा बंद करून मुलांना जवळच्या शाळांत हलवायचं ठरलं. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या सुमारे १५ हजार शाळांची यादी पुढे आली आणि 'समूह शाळा' हा शब्द आला. छोट्या शाळा एकत्र करून मोठी, सोयींनी भरलेली शाळा. नंदुरबारमधलं तोरणमाळ आणि पुण्याजवळचं पानशेत हे त्याचे नमुने म्हणून दाखवले गेले. मोठ्या शाळेला ग्रंथालय, प्रयोगशाळा, खेळाला गडी मिळतात, हे मला मान्य आहे. चार मुलांच्या शाळेत कबड्डीचा एक संघही होत नाही. वाहतूक पक्की असेल आणि गावाची संमती असेल तर असा प्रयोग जरूर करावा. पण सात वर्षांच्या पोरीला पावसाळ्यात ओढा ओलांडून जायला लावणारी समूह शाळा ही पहिलीतच शाळा सुटण्याची सोय आहे. पहिली ते पाचवीसाठी वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत शाळा आणि साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक हा शिक्षणहक्क कायद्याचा हिशेब. त्यात मुलांच्या पायांचा विचार आहे. २०२४ मध्ये मात्र वीसपर्यंतच्या पटाला दुसरा शिक्षक नियमित देण्याऐवजी सेवानिवृत्त किंवा कंत्राटी द्यावा, असे निर्णय निघाले आणि त्यावरून बरीच ओढाताण झाली. हा हिशेब दरडोई खर्चाचा.

पट हा शाळेच्या लायकीचा निकाल असतो, असं ज्यांना वाटतं त्यांनी खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळा पाहावी. काही वर्षांपूर्वी तिथला पट बोटांवर मोजण्याइतका उरला होता. चांगला शिक्षक आला, गाव मागे उभं राहिलं, वर्ग भरले, आणि २०२५ मध्ये या शाळेला जगातल्या उत्कृष्ट शाळांच्या स्पर्धेत लोकपसंतीचा पुरस्कार मिळाला. पटाचा नियम काटेकोर लावला असता तर पुरस्कार घ्यायला शाळाच उरली नसती.

पण दुसरी बाजूही बोलू, नाहीतर हे हितगुज राहणार नाही, प्रचार होईल. सरकारी शाळेत सगळं छान होतं आणि बाजाराने ते मोडलं, असं काही नाही. वर्गावर न येणारे शिक्षक आपण पाहिलेत. बदलीसाठी पुढाऱ्यांच्या दारात ताटकळणारे पाहिलेत. पाचवीच्या कितीतरी मुलांना दुसरीचा धडा वाचता येत नाही, हे 'असर' या शैक्षणिक पाहणीचे अहवाल वर्षानुवर्षं सांगत आले. खाजगी शाळेत निदान फी भरतो म्हणून प्रश्न विचारता येतो, असं पालक म्हणतात तेव्हा त्यामागे अपमानाचे अनुभव असतात. सरकारी कचेरीत आपल्याला 'साहेब जेवायला गेलेत' एवढंच उत्तर मिळत आलं असेल, तर फीची पावती हाच आपला मान वाटू लागतो.

आणि खाजगी शाळेत खरंच जास्त शिकतात का? आंध्र प्रदेशात कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी याचा नीट तपास केला. लॉटरी काढून काही मुलांना खाजगी शाळेसाठी कूपन दिलं आणि चार वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. २०१५ मध्ये निष्कर्ष छापून आले. तेलुगू आणि गणितात कूपनवाली मुलं सरकारी शाळेतल्या मुलांच्या पुढे गेली नाहीत. हिंदीत गेली, कारण खाजगी शाळा तो विषय शिकवत होत्या. मात्र खाजगी शाळांनी हे सरकारी शाळांच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या खर्चात केलं. बाजाराचे समर्थक शेवटचं वाक्य उचलतात, विरोधक आधीचं. मला विचाराल तर दोन्ही एकत्र वाचावीत. खर्च कमी होण्याचं मोठं कारण म्हणजे त्या शाळांतल्या शिक्षकांचे तुटपुंजे पगार. बारावी-डीएड झालेली आपलीच मुलगी पाच-सहा हजारांवर अशा शाळेत शिकवते, तेव्हा त्या स्वस्ताईचे पैसे आपल्याच घरातून गेलेले असतात.

ज्या देशांनी हा प्रयोग पूर्ण ताकदीने केला, त्यांच्याकडे एक नजर टाकू. चिलीमध्ये पिनोचेच्या लष्करी राजवटीत १९८१ पासून देशभर कूपन पद्धत आली. पंचवीस वर्षांनी अभ्यासकांनी पाहिलं तर सरासरी शिक्षण सुधारल्याचा पुरावा सापडेना. सुस्थितीतली मुलं एकीकडे आणि गरिबाघरची दुसरीकडे, ही वाटणी मात्र पक्की झालेली. २००६ मध्ये तिथली शाळकरी मुलं रस्त्यावर उतरली, २०११ मध्ये विद्यापीठातली. शेवटी २०१५ च्या कायद्याने सरकारी पैसा घेणाऱ्या शाळांना नफा कमावण्याची, वर फी घेण्याची आणि मुलं निवडून घेण्याची मुभा टप्प्याटप्प्याने काढून घेतली. स्वीडनमध्ये कंपन्या शाळा चालवू लागल्या होत्या. २०१३ मध्ये त्यातली जेबी एज्युकेशन ही मोठी कंपनी दिवाळखोरीत गेली आणि हजारो विद्यार्थ्यांना नवी शाळा शोधावी लागली. दुकान तोट्यात गेलं की मालक शटर ओढतो, त्यात बेकायदा काही नाही. पण नववीतलं मूल नववीत एकदाच असतं.

आपल्याकडचा सगळ्यात बोलका प्रसंग २५ टक्क्यांचा. शिक्षणहक्क कायद्याने खाजगी विनाअनुदानित शाळांत पहिल्या वर्गातल्या चौथाई जागा दुर्बल आणि वंचित घरांतल्या मुलांसाठी ठेवल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलला. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला या जागांतून सूट. शहरांत अशी शाळा जवळ असतेच, म्हणजे योजना जवळपास मोडीत. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ रोजी तो बदल रद्द केला. सर्वोच्च न्यायालयानेही तो निर्णय उचलून धरला.

तो निकाल ऐकून मला आनंद झाला, पण सोबत थोडी खिन्नताही आली. सरकारची अडचण पैशांची होती. दर मुलामागे वर्षाला १७,६७० रुपये शाळांना द्यायचे आणि त्यांची थकबाकी साचलेली. आणि पालकांचं म्हणणं काय होतं? जवळ सरकारी शाळा आहे म्हणून आमच्या मुलाचा हक्क का जावा? मागणी रास्त होती. पण ज्या सरकारने स्वतःची शाळा हाच पुरेसा पर्याय असल्याचं न्यायालयात सांगायचं, त्याच सरकारच्या शाळेत जाणं पालकांना शिक्षा वाटावी, यापेक्षा मोठा निकाल कोणतं न्यायालय देणार? या कलमाचा हेतू वेगवेगळ्या घरांतली मुलं एका बाकावर बसावीत हा होता. आपण त्याचं लॉटरीचं तिकीट करून टाकलं.

२०२३ ची दत्तक शाळा योजना तुम्हाला आठवत असेल. कंपनी, संस्था किंवा व्यक्तीने सरकारी शाळा पाच किंवा दहा वर्षांसाठी दत्तक घ्यायची, वस्तू आणि सेवा पुरवायच्या. ग्रामीण शाळेसाठी पाच वर्षांना ५० लाखांचं मोल, मोठ्या महापालिकेत २ कोटी, आणि देणगीदाराला शाळेला आपल्या पसंतीचं नाव जोडता येणार. लोकवर्गणीला माझा विरोध नाही. गावाने पत्रे दिले, माजी विद्यार्थ्यांनी संगणक दिले, ही आपली जुनी रीत आहे. पण दाता आपली शाळा निवडणार ती रस्त्यालगतची, फोटोत चांगली दिसणारी. डोंगरातल्या बारा पटाच्या शाळेला दत्तक कोण घेणार?

या सगळ्यामागचं सरकारचं 'एवढा खर्च परवडत नाही' हे उत्तर जुनंच आहे. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं, आणि पैसा व लोकांची तयारी नसल्याची कारणं देत १९१२ मध्ये ते फेटाळलं गेलं. त्यानंतर पाचच वर्षांनी कोल्हापूरसारख्या लहान संस्थानात शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. तेव्हा राजा पालकांच्या मागे लागला होता, मुलं पाठवा म्हणून. आज आपल्याला राज्याच्या मागे लागावं लागतंय, शाळा ठेवा म्हणून.

आता तुम्ही विचाराल, मग आम्ही करायचं काय? मुलाला व्हॅनमधून उतरवायचं? नाही. तुमचं मूल जिथे आहे तिथे राहू द्या. मात्र गिऱ्हाईक म्हणून मिळणारा एकच हक्क, म्हणजे दुसरीकडे जायचा, एवढ्यावर समाधान मानू नका.

तुमचं मूल जिल्हा परिषदेच्या, नगरपालिकेच्या किंवा अनुदानित शाळेत असेल, तर कायद्याने तिथे शाळा व्यवस्थापन समिती आहे. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. शाळेचा विकास आराखडा करणं हे या समितीचं काम. बहुतेक ठिकाणी ही समिती मुख्याध्यापकांच्या कपाटातल्या वहीत असते आणि सह्या घरी येऊन घेतल्या जातात. त्या वहीवर न वाचता सही करू नका. बैठकीला जा, मजुरी बुडत असेल तर संध्याकाळची वेळ मागून घ्या. मंजूर पदं किती, भरलेली किती, हे विचारा. शिक्षक गेल्या वर्षी किती दिवस शाळेबाहेरच्या कामावर होते, हे लेखी मागा. तिसरीतल्या किती मुलांना सलग वाचता येतं, ते तुमच्यासमोर वाचून घ्यायला सांगा. शिक्षकावर ओरडायला नको, त्याच्या बाजूने दुसऱ्या शिक्षकासाठी भांडायला जा.

मूल खाजगी शाळेत असेल तरी हात बांधलेले नाहीत. २०११ च्या शुल्क नियमन कायद्याने पालक-शिक्षक संघ आणि त्याची कार्यकारी समिती असायलाच हवी, आणि फीचा प्रस्ताव तिच्यापुढे यायला हवा. आणि हो, तुमच्या बाईंना पगार किती मिळतो, हेही कधीतरी विचारा.

शाळा बंद करण्याचा किंवा समूह शाळेत मिसळण्याचा कागद गावात आला, तर ग्रामसभेत चर्चा होईपर्यंत संमती देऊ नका. नव्या शाळेचं अंतर किती, वाटेत ओढा-महामार्ग आहे का, गाडी कोण देणार आणि किती वर्षं देणार, ही उत्तरं शिक्षणाधिकाऱ्यांच्या सहीनिशी घ्या. ज्यांची मुलं त्या शाळेत नाहीत, त्यांनीही त्या ग्रामसभेला यावं, अशी माझी हात जोडून विनंती आहे. ज्यांची आहेत, त्यातल्या पुष्कळांना त्या दिवशी कामावरून सुट्टी मिळणार नाही.